सही करायची नाही, द्वेषही करायचा नाही

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,

मी एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. ख्रिस्ती घरात वाढले, पण येशूने सांगितलं तसं खरोखर वागायचं असं मनापासून ठरवलं ते अलीकडच्या काही वर्षांत. मागच्या वर्षी आमच्याकडे नवे विभागप्रमुख आले. जो माल कधी आलाच नाही त्याच्या बिलांवर मी सही करावी, असं त्यांनी सांगितलं. मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझ्याकडची महत्त्वाची कामं काढून घेतली, बैठकांना बोलावणं बंद झालं, वार्षिक अहवालात 'सहकार्य करत नाही' असा शेरा आला. सहकारी मला 'संतीणबाई' म्हणतात. एकाने ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वधस्तंभाची टिंगल करणारं चित्र टाकलं आणि सगळे हसले. त्या दिवशी माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "देव तुम्हा सगळ्यांचा हिशेब घेईल."

आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, दुसरा गाल पुढे कर आणि गप्प राहा. नवरा म्हणतो, सगळे सह्या करतात, तूच एकटी जगाच्या विरुद्ध का? पण मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ते चित्र टाकणाऱ्या सहकाऱ्याची आई हॉस्पिटलमध्ये आहे असं कळलं, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. मी अशी कधी झाले? जग वैरी झालेलं असताना येशूच्या शिकवणीप्रमाणे जगायचं तरी कसं? नोकरी सोडू का?

एक वाचक

उत्तर

प्रिय भगिनी,

ख्रिस्तात सलाम.

तुमच्या पत्रात मी सर्वांत जास्त थांबले ती 'क्षणभर मला बरं वाटलं' या वाक्यापाशी. बिलं, शेरा, टिंगल हे सगळं बाहेरून आलेलं. हे मात्र आतून उठलं, आणि तुम्ही ते लपवलं नाहीत. जग आपलं काय करील याची चिंता येशूने शिष्यांना फारशी करू दिली नाही. जगाशी झुंजता झुंजता आपण काय होऊन बसू, याबद्दल मात्र तो पुन्हा पुन्हा बजावत राहिला. तुमच्या पत्राचं खरं उत्तर मला तिथेच दिसतं. पण आधी सहीचं बोलू, कारण ते लवकर संपतं.

सही करू नका. न आलेल्या मालाच्या बिलावरची सही म्हणजे लेखी खोटी साक्ष. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं (मत्तय ५:३७), आणि हिशेबाच्या कागदावर ते जितकं सरळ लागू पडतं तितकं दुसरीकडे क्वचितच पडत असेल. व्यवहारानेही पाहा. उद्या प्रकरण उघडकीस आलं तर तोंडी हुकूम देणारा हात झटकून मोकळा होतो. कागदावर नाव असतं ते सही करणाऱ्याचं.

यात तुम्ही एकट्या आहात असं वाटत असेल तर एक जुनी गोष्ट सांगते. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहिलं की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. चौकशीत त्याला कळलं ते असं: हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तवन गातात, आणि शपथ घेतात. ती शपथ बंडाची नव्हती. चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी आपली ठेव परत मागितली तर नाकारणार नाही, अशी ती शपथ होती. अधिक माहिती काढण्यासाठी प्लिनीने मंडळीत सेवा करणाऱ्या दोन दासींचा छळ केला आणि तरी त्याच्या हाती गुन्हा म्हणावा असं काही लागलं नाही. मग जे आपला विश्वास सोडायला तयार नव्हते त्यांना त्याने मृत्युदंड का दिला? त्याचं स्वतःचं म्हणणं असं, की त्यांनी मानलेलं काही का असेना, त्यांचा हट्टीपणा आणि न वाकणारा ताठा शिक्षेलाच पात्र होता. तुमच्या अहवालातला 'सहकार्य करत नाही' हा शेरा वाचताना मला हे आठवलं. हिशेबात चोख राहणं हा त्या पहिल्या मंडळ्यांच्या उपासनेचाच भाग होता, आणि त्याला ताठा म्हणणारे लोक तेव्हाही होते.

टिंगलीचं तर त्याहून जुनं नातं आहे. रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ साली एका भिंतीवर ओरखडलेलं चित्र सापडलं. वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर करून उभा असलेला एक तरुण, आणि ग्रीकमध्ये साधारण अशी ओळ की अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतोय. बहुतेक अभ्यासक ते दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं मानतात. म्हणजे वधस्तंभाची जी सर्वांत जुनी चित्रं आपल्याला माहीत आहेत, त्यांतलं हे एक आणि तेही टिंगल करणारं. शेजारच्या खोलीत दुसऱ्याच कुणाच्या हातचं लॅटिनमध्ये कोरलेलं सापडलं: अलेक्सामेनोस विश्वासू. ते त्याने स्वतः लिहिलं की मित्राने, कुणालाच माहीत नाही. तुमच्या ग्रुपवरच्या चित्राने तुम्हाला दुखावलं, आणि ते दुखणं खरं आहे. पण वधस्तंभाच्या वतीने ग्रुपवर भांडण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. ज्याला त्यावर खिळलं त्याने खाली उभं राहून हसणाऱ्यांसाठी क्षमा मागितली होती.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती मी प्रेमानेच लिहिते आहे. तुमच्या वाट्याला आलेला सगळाच विरोध येशूमुळे आलेला नाही. नीतिमत्त्वासाठी ज्यांचा छळ होतो ते धन्य, असं तो म्हणाला. पण त्याचा शिष्य पेत्र याने आपल्या पहिल्या पत्रात लगेच कुंपण घातलं आहे: ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावं लागलं तर लाज वाटू देऊ नका, मात्र तुमच्यापैकी कुणी खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख सोसू नये (४:१५-१६). खुनी आणि चोर यांच्याच रांगेत ढवळाढवळ करणाऱ्याला बसवलं आहे, हे मला दर वेळी थबकायला लावतं. आपल्या बोलण्याची धार, आपण बरोबर आहोत याचा चेहऱ्यावर उतरलेला अभिमान, दुसऱ्याच्या पापाची मोजदाद यांमुळे लोक दूर गेले तर तो छळ नसतो. "देव तुम्हा सगळ्यांचा हिशेब घेईल" हे वाक्य तुमचं होतं, तुमच्या प्रभूचं नव्हतं. शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान यांनी हेच मागितलं होतं: आकाशातून अग्नी पडून हे भस्म होऊ दे, असं आम्ही म्हणावं का? येशूने वळून त्यांनाच धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावी गेले (लूक ९:५२-५६).

तेव्हा त्या एका वाक्याबद्दल माफी मागा. सही नाकारल्याबद्दल मुळीच नाही. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर दोन ओळींत सांगा की त्या दिवशी मी रागाने बोलले, तसं बोलायला नको होतं. त्यात 'पण तुम्हीही' असं जोडू नका. काही जण यावरही हसतील. हसू द्या.

आता गालाचं. तुमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा मला अनादर करायचा नाही. छळ सोसण्याचं मोल ते जाणत असतील म्हणूनच तसं म्हणाले. पण दुसरा गाल पुढे करणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणं, असं येशूने शिकवलं नाही आणि स्वतः तसं वागलाही नाही. त्याच्या शब्दांत उजव्या गालाचा उल्लेख आहे, आणि उजव्या गालावर पडते ती बहुधा उलट्या हाताची चपराक. ही जीव घेणाऱ्या हल्ल्याची गोष्ट नाही, अपमानाच्या चपराकीची आहे. तिथे तो म्हणतो, ठोशाला ठोसा देऊ नकोस. अपमान करणाऱ्याने खेळाचे जे नियम ठरवले आहेत ते तू स्वीकारू नकोस.

आणि त्याच्या स्वतःच्या गालावर चपराक बसली तेव्हा काय झालं? योहानाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात ते आहे. अटकेनंतर त्याला हन्ना या माजी महायाजकापुढे उभं केलं होतं. उत्तर आवडलं नाही म्हणून जवळच्या शिपायाने त्याला चपराक मारली. येशू गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते वाईट असल्याचं सिद्ध कर, चांगलं बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने त्या शिपायाला विचारलं. हात उचलला नाही, शिवी दिली नाही, शापही दिला नाही. फक्त मारणाऱ्याला त्याच्या कृत्याचं कारण विचारलं. त्या प्रश्नात त्या शिपायाचाही मान होता, कारण जो विचार करू शकतो अशा माणसालाच असा प्रश्न विचारतात. मला वाटतं, तुमच्या विभागप्रमुखांशी वागण्याची पद्धत इथे सापडते. वाकायचं नाही, चावायचंही नाही, आणि अन्यायाला अन्याय म्हणायचं.

प्रेषित पौलाचंही पाहा. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं, तेव्हा पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक असताना आम्हाला उघड मारलं आणि आता चोरून घालवता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. ज्या पौलाने रोमकरांना लिहिलं की छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्या, त्याच पौलाने कायद्याने दिलेला हक्क वापरला. या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात एकमेकींच्या आड आल्या नाहीत. तक्रार करणं म्हणजे सूड घेणं नव्हे. खोट्या बिलांचा पैसा कुणाच्या तरी खिशातून जात असतो, आणि त्याच्या वतीनेही कुणीतरी बोलायला हवं.

म्हणून काही करायच्या गोष्टी सांगते. 'सापांसारखे चतुर' हेही येशूचंच सांगणं आहे, कबुतरांच्या आधीचं. नकार लेखी द्या. भाषा साधी ठेवा: माल मिळाल्याची पावती नोंदीत नसल्यामुळे मी या बिलावर सही करू शकत नाही, पावती मिळाल्यास लगेच करीन. इथे देवाचं नाव आणू नका. हिशेबाचा नियम इथे पुरेसा आहे, आणि विश्वास न मानणाऱ्यालाही तो समजतो. तोंडी हुकूम आला तर नम्रपणे म्हणा, हे मेलवर पाठवाल का? कोण काय म्हणालं, कोणत्या तारखेला, याची टिपणं ठेवा. कंपनीचे कागद मात्र घरी नेऊ नका, त्याने तुम्हीच अडचणीत याल. वार्षिक अहवालातल्या शेऱ्यावर आपलं म्हणणं लेखी नोंदवता येत असेल तर मुदतीत नोंदवा. अंतर्गत लेखापरीक्षण किंवा तक्रारीची अधिकृत व्यवस्था असेल तर तिथे जाण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाशी एकदा बोला. तक्रारीत फक्त घडलेलं लिहा. विभागप्रमुखांच्या स्वभावाबद्दल, हेतूबद्दल एक शब्दही नको. तुम्हाला माहीत आहे तेवढंच लिहिणं ही सुद्धा सत्याची बाजू आहे.

आता त्या सहकाऱ्याच्या आईकडे येऊ.

'मी अशी कधी झाले?' असं तुम्ही विचारता. मला वाटतं, कित्येक महिने रोज थोडी थोडी होत गेलात. जो आपल्याला रोज टोचतो त्याच्याशी मनात आपण रोज भांडतो. ऑफिसमध्ये न दिलेली उत्तरं रात्री अंथरुणात देतो. हळूहळू तो माणूस माणूस राहत नाही, नुसता आपल्या जखमेचं कारण उरतो. मग त्याच्या घरातलं दुःख आपल्याला न्याय वाटू लागतं. वैऱ्याच्या द्वेषातून आपण वैऱ्यासारखे होतो आणि ते आपल्याला शेवटी कळतं. तुम्हाला ते एका क्षणात कळलं, भीती वाटली, तुम्ही लिहिलंत. ही भीती चांगली आहे, तिला हाकलू नका.

'वैऱ्यांवर प्रीती करा' हे ऐकलं की आपण मनात माया शोधू लागतो, ती सापडत नाही, आणि आपण ढोंगी आहोत असं वाटून खचतो. पण येशू पुढे उदाहरण देतो ते पित्याच्या कृतीचं: तो आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पाऊस पाडतो. त्याहून कितीतरी जुन्या, बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातही हेच आहे. तुझ्या शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर परत नेऊन दे. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर सोडून जाऊ नकोस, त्याला उठवायला मदत कर. मन आधी साफ कर आणि मग गाढवाला हात लाव, असं तिथे म्हटलेलं नाही. ओझं उचलताना दोन वैरी एकाच गाढवाच्या दोन बाजूंना उभे राहतात. मनाचं काय व्हायचं ते नंतर होतं, आणि कधी कधी होतही नाही. तरी गाढव उठलेलं असतं.

याचा सर्वांत कठीण दाखला मला माहीत आहे तो नेदरलंड्समधल्या डर्क विलेम्सचा. त्याने प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता आणि आपल्या घरात इतरांनाही घेऊ दिला होता. त्या काळी हा गुन्हा होता. १५६९ साली तो कैदेतून निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. पाठलाग करणारा बर्फ फुटून आत पडला. डर्क मागे वळला आणि त्याला बाहेर काढलं. ज्याला वाचवलं तो त्याला सोडून द्यायला तयार होता, पण पलीकडे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने त्याला त्याने घेतलेल्या शपथेची आठवण करून दिली. डर्कला पुन्हा पकडलं आणि १६ मे १५६९ रोजी जिवंत जाळलं. मी ही गोष्ट गोड करून सांगणार नाही. प्रीतीने वैरी विरघळतोच, असं येशूने कुठेही कबूल केलेलं नाही. आणि हेही विसरू नका की डर्कला जाळणारे स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. 'वैरी जग' म्हणून बोट दाखवताना आपण नेहमी बाहेर दाखवतो. ज्या दिवशी आपल्या हातात सत्ता आली त्या दिवशी आपणही तेच केलं.

प्रीती आणि ठामपणा एकत्र नांदतात याचं अलीकडचं उदाहरण हवं असेल तर ३० जानेवारी १९५६ ची रात्र घ्या. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार चालू होता. मार्टिन ल्यूथर किंग सभेत असताना त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला. पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी घरात होत्या, त्या बचावल्या. घरासमोर संतापलेली गर्दी जमली, काहींच्या हातात शस्त्रं होती. किंग यांनी ओसरीत उभं राहून लोकांना शस्त्रं घरी ठेवायला सांगितलं, वैऱ्यांवर प्रीती करायला सांगितलं. आणि बहिष्कार मागे घेतला नाही. तो त्याच वर्षाच्या डिसेंबरपर्यंत चालला, न्यायालयाच्या निकालाने बसमधला भेद संपेपर्यंत.

तुमच्यासमोर बर्फ नाही आणि बॉम्बही नाही. एक आजारी बाई आहे, जिला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. त्या सहकाऱ्यासाठी प्रार्थना जमत नसेल तर आधी तिच्यासाठी करा. नाव माहीत नसेल तरी चालेल. 'प्रभू, त्याला चांगली अद्दल घडव म्हणजे तो सुधारेल' अशी प्रार्थना करू नका, ती सूडाचीच भाषा असते. तिला बरं वाटू दे, तिच्या उशाशी बसणाऱ्याला झोप मिळू दे, इतकंच मागा. मनात कोरडेपणा असला तरी मागा. मग एखाद्या दिवशी तो एकटा असताना विचारा, आई कशी आहे? एवढंच. बायबलचं वचन सांगू नका, मंडळीत बोलावू नका, चित्राचा विषय काढू नका. त्याने तुटक उत्तर दिलं तर ऐकून घ्या आणि आपल्या कामाला लागा. चित्राबद्दल बोलायचं असेल तर ते पुढे, तो या काळजीतून थोडा मोकळा झाल्यावर, त्याच्याशी एकट्याशीच बोला. भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन सांग, ही मत्तयच्या अठराव्या अध्यायातली वाट मंडळीसाठी सांगितलेली आहे, पण ऑफिसातही ती माणसाची अब्रू राखते.

'सगळे हसले' असं तुम्ही लिहिता. खरंच सगळे? जरा आठवून पाहा. येशूविरुद्ध ठराव करणाऱ्या सभेतही अरिमथाईकर योसेफ होता, रात्री गुपचूप भेटायला येणारा निकदेम होता. दोघेही घाबरट ठरले असते, पण शेवटी त्याचं शरीर मागायला आणि पुरायला तेच पुढे आले. त्याचे जवळचे शिष्य बहुतेक तेव्हा पळून गेले होते. तुमच्या विभागातही कुणीतरी मान खाली घालून बसलेलं असेल, ज्याने सह्या केल्या आहेत आणि ज्याला झोप येत नाही. त्याला तुम्ही 'त्या सगळ्यां'त टाकू नका.

पतीबद्दल. ते तुमचे वैरी नाहीत, घाबरलेले आहेत, आणि घाबरण्यासारखं कारणही आहे. त्यांना वचनं ऐकवून काही होणार नाही. शांतपणे बसून दोघांनी पगार थांबला तर किती महिने निभेल, कोणते खर्च कमी होतील, दुसरी नोकरी कुठे पाहता येईल हे मांडा. आणि खोट्या सहीने घर कोणत्या संकटात सापडू शकतं हेही मांडा, ते बहुधा त्यांच्या लक्षात आलेलं नाही. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातला शेतकरी हिटलरसाठी लढायला तयार नव्हता. धर्मगुरूंनी, अगदी बिशपांनीही त्याला घरच्यांचा विचार करायला सांगितलं. पत्नी फ्रान्झिस्का मात्र त्याच्या पाठीशी उभी राहिली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याला मृत्युदंड दिला, आणि मागे तीन लहान मुलींना तिने वाढवलं. तुमचं प्रकरण तिथवर जाणारं नाही. मी हे सांगते ते एवढ्यासाठीच की अशा निर्णयाची किंमत घर मोजतं, तेव्हा निर्णयातही घराला जागा हवी.

नोकरी सोडणं हे पाप नाही आणि पळपुटेपणाही नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, हे येशूचेच शब्द आहेत (मत्तय १०:२३). त्याच्या स्वतःच्या गावाच्या, नासरेथच्या, लोकांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. पौलाला दिमिष्कात टोपलीत बसवून तटावरून खाली सोडलं. वेळ आली नसताना मरण्याची हौस त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती. मात्र रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. आजपासून दुसरीकडे शोध सुरू करा, तक्रारीची वाट चालून पाहा, आणि राहायचं म्हणजे सही करायचीच अशी वेळ आली किंवा तब्येत ढासळू लागली तर निघा.

हे सगळं एकटीने करू नका. येशूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठवलं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो स्वतः तिघा शिष्यांना म्हणाला, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, इथे राहा आणि जागे राहा. ते झोपले ही गोष्ट वेगळी. पण त्याने मागितलं. तुमच्या मंडळीत तुम्हाला 'गप्प राहा' न म्हणता ऐकून घेणारी एखादी बाई असेल तर तिच्याशी आठवड्यातून एकदा बोला. अंथरुणात देत असलेली ती सगळी उत्तरं तिच्यासमोर मोठ्याने म्हणून टाका. स्तोत्रकर्त्यांनीही आपला संताप देवासमोर जसाच्या तसा मांडला आहे, शत्रूच्या दारात नेऊन ओतला नाही.

महिनाअखेर जवळ आली की बिलं पुन्हा तुमच्या टेबलावर येतील. त्याआधी तो लेखी नकार तयार ठेवा, पतींना वाचून दाखवा, आणि वकिलांची वेळ घ्या. विभागप्रमुख काय म्हणतात ते मला कळवा. त्यांच्या उत्तरावर पुढचं पाऊल ठरवता येईल.

तुमची ताई